याच्या घरी कोन कोन असते?

वानखडे मॅडमनी आमच्या कॉलेजात दोनच कामं केली. कॉम्प्युटर लावले आणि लग्नं लावली. दोन्ही कामं त्या एकाच पद्धतीनं करायच्या, एकाच आवाजात करायच्या आणि बऱ्याचदा एकाच वेळी करायच्या. लॅबमध्ये एखादं सॉफ्टवेअर चढत असलं की त्यांच्या कानाला फोन असायचा आणि फोनवर कुणाची तरी बोलणी चाललेली असायची. "मामाले आधी विचारा" आणि "एंटर दाब, एंटर" ही वाक्यं एका दमात निघायची. कोणतं वाक्य कुणासाठी, हे आम्हाला सवयीनं कळायचं. फोनवरच्या मंडळींचं काय होत असेल ते देवाला ठाऊक.

बुलढाण्यात मॅडमना ओळखत नाही असा माणूस दिसला, तर तो अजिंठा बघायला निघालेला आणि गाडी चुकलेला पाहुणा आहे हे खुशाल समजावं. ठेंगण्या, रुंद, कडक इस्त्रीच्या साडीतल्या, आणि खांद्याला रेग्झीनची एक अशी पर्स की तिच्यात एखादं लहान मूल आरामात झोपलं असतं. पर्समध्ये स्क्रू पिळायचा एक पेचकस, भाजलेले शेंगदाणे, आणि लग्नाच्या मुलामुलींचे फोटो. शेंगदाण्यांमुळे फोटोंना जरासं तेल लागायचं. मॅडम म्हणायच्या, "बरं असते. पोरगा तुकतुकीत दिसते."

त्या मूळच्या बीबी गावच्या. आधी टायपिंग शिकवायच्या. कॉलेजात कॉम्प्युटर आले तेव्हा सगळे प्राध्यापक त्या यंत्रांकडे लांबून, आदरानं बघत राहिले. शेवटी टायपिंग येतं म्हणून मॅडमना प्रशिक्षणाला नागपूरला धाडलं. परत आल्यावर प्राचार्यांनी विचारलं, कसं काय आहे प्रकरण? मॅडम म्हणाल्या, "काही नाही सर, टायपिंगच आहे. फक्त हा उलटून बोलते."

मी गणित शिकवायला म्हणून रुजू झालो आणि अर्धा वेळ लॅबमध्ये मला बसवलं. पहिल्या दिवशी मॅडमनी मला खुर्ची दिली नाही, आधी प्रश्न दिला. "काळे सर, तुमच्या घरी कोन कोन असते?" मी आई, वडील, धाकटी बहीण असं सांगितलं. मग बहिणीचं शिक्षण, आईचे गुडघे, चिखलीचं घर स्वतःचं की भाड्याचं, असं सगळं काढून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "बसा." पुढच्या महिन्यात माझा फोटो त्या पर्समध्ये होता. मी दिला नव्हता. माझं लग्न त्यांनीच जमवलं, आणि ते चांगलं जमवलं की कसं यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. दोन्ही मतं माझ्या बायकोचीच आहेत.

हाच प्रश्न त्या सॉफ्टवेअरलाही विचारायच्या. नवी सीडी हातात आली की चष्मा नाकावर ओढून म्हणायच्या, "याच्या घरी कोन कोन असते?" म्हणजे हे चालायला आणखी काय काय लागतं. कारण सॉफ्टवेअर एकटं कधी येत नाही. त्याला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. हे त्यांना नागपूरला कुणी शिकवायची गरजच पडली नसणार. वऱ्हाडात लग्न जमवणाऱ्या बाईला हे उपजतच कळतं. नवरदेव एका बाजूला, आणि त्याच्यामागे रुसायला बसलेला आत्याचा नवरा दुसऱ्या बाजूला.

एवढी लग्नाची हौस असलेली बाई, पण तिचा एक नियम होता आणि तो साऱ्या जिल्ह्याला पाठ होता. शिकत असलेल्या मुलीची शेवटची परीक्षा झाल्याशिवाय तिच्या लग्नाच्या गोष्टीला मॅडम हात लावत नसत, आणि दुसऱ्या कुणाला लावू देत नसत. देऊळघाटच्या एका घरी मुलीला बघायला पाहुणे आले आहेत असं कळल्यावर मॅडम रिक्षा करून तिथं गेल्या, पाहुण्यांबरोबर पोहे खाल्ले, त्यांच्या मुलासाठी दुसरी मुलगी तिथल्या तिथं सुचवली आणि त्यांना गाडीत बसवून दिलं. मुलीच्या वडिलांनी रागानं विचारलं, हे काय केलं? मॅडम म्हणाल्या, "तुमचे पोहे चांगले होते."

आता खंडेनवमीची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. दरवर्षी त्या दिवशी लॅबमध्ये पूजा व्हायची. लोहार ऐरण पुजतो, वाणी तराजू पुजतो, मॅडम कॉम्प्युटर पुजायच्या. झेंडूच्या माळा, ऊद, नारळ. पडद्याला हळदकुंकू, उंदराला म्हणजे माउसला हळदकुंकू. एका वर्षी त्यांच्या मनात आलं की खरी विद्या तर सीड्यांमध्ये आहे आणि त्या कपाटात उपाशी. मग सगळ्या सीड्या पाटावर मांडल्या आणि प्रत्येकीच्या चमकत्या बाजूला हळदकुंकवाचं ओलं बोट ठेवलं. मी म्हटलं, "मॅडम, लावायचंच तर नाव छापलेल्या बाजूला लावा." त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "तोंड इकडं आहे सर. देवाच्या पाठीले कोन कुंकू लावते?"

एवढ्यावर निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ते कुंकू वाळलेलं दिसलं, तेव्हा मॅडमनी सगळ्या सीड्या नळाखाली नेल्या आणि नारळाच्या काथ्यानं, राख घेऊन, पितळेची समई घासावी तशा दोन्ही बाजूंनी लख्ख घासल्या. सीड्या खूप चमकायला लागल्या. वाचता येईनाशा झाल्या ते आम्हाला फार उशिरा कळलं.

ते कळलं त्या वर्षीच्या परीक्षेत. विद्यापीठाचं फर्मान आलं की यंदाची प्रात्यक्षिक परीक्षा ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्या आवृत्तीवर होईल, सोमवारी. ज्या केंद्रावर नवी आवृत्ती चालत नसेल तिथल्या मुलांनी अकोल्याला जावं. प्राचार्यांनी मॅडमना विचारलं, "अपग्रेड म्हणजे बढतीच ना? मग घेऊन टाका." शुक्रवारी विद्यापीठानं धाडलेल्या नव्या सीडीवरून आम्ही बढती घेऊन टाकली. मोठा कॉम्प्युटर, ज्याला लॅबमधले बाकीचे सगळे जोडलेले होते, तो नव्या आवृत्तीत झकास सुरू झाला. नवे रंग, नवी चित्रं. प्राचार्य बघून गेले, पेढे मागवतो म्हणाले.

पेढे यायच्या आत कळलं की बाहेरच्यांनी लिहिलेलं एकही सॉफ्टवेअर चालत नाही. मुलांचे प्रोग्रॅम तपासणारं नाही, छपाईचं नाही, आणि मुख्य म्हणजे परीक्षा घेणारं नाही. प्राचार्य धावत आले. "काल तर चालत होतं."

मॅडमनी त्यांना बसवलं. "सर, जुना मांडव काढला, नवा टाकला. हा उंच आहे, लायटिंग आहे, सारं आहे. पन पाहुणे जुन्याच मांडवाचा पत्ता घेऊन फिरून राह्यले. त्याईले नव्यानं आवतन द्या लागते. एकेकाच्या घरी जाऊन."

"मग द्या."

"देतो ना. पन पहिल्याले बोलावलं का तो म्हनते माह्या मेव्हन्याले आधी बोलवा. मेव्हना म्हनते माहा साडू आल्याबिगर मी पाय ठेवत नाही."

प्राचार्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. त्यांना लगेच पटलं आणि ते हळूच निघून गेले.

अडचण अशी की परीक्षेचं सॉफ्टवेअर कुण्या हौशी माणसानं लिहिलेलं, आणि तो माणूस परदेशात निघून गेलेला. नव्या आवृत्तीसाठी तयार केलेलं काही मिळणार नव्हतं. पण जाण्यापूर्वी त्यानं त्याचा, आणि त्याला जे जे लागतं त्याचाही, सोर्स कोड सगळ्या कॉलेजांना वाटला होता. तयार जेवण नव्हे, कोरडा शिधा. तो आपापल्या चुलीवर शिजवून घ्यायचा, म्हणजे नव्या आवृत्तीवर पुन्हा कंपाइल करायचा. तो शिधा होता सीडीत, आणि सीडी होती काथ्यानं घासलेली. मी ती उजेडात धरली तर तिच्यातून समोरची खिडकी अंधूक दिसत होती.

मॅडमनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "भक्तीत कमी नाही पडली." मग फोन उचलला.

त्यांचे यजमान एसटीत वाहतूक नियंत्रक होते. अत्यंत मितभाषी माणूस. घरी तेही त्यांना मॅडमच म्हणत. मॅडमनी त्यांना एवढंच सांगितलं की जालन्याच्या कॉलेजात अशी अशी सीडी आहे. शनिवारी सकाळी जालन्याच्या गाडीचा ड्रायव्हर लॅबच्या दारात उभा. त्यानं जेवणाचा डबा उघडला, वरच्या पोळ्या बाजूला केल्या आणि खालच्या दोन पोळ्यांच्या मधून सीडी काढून दिली. "साहेबानं सांगतलं, जपून आन. मंग म्या पोळीत ठेवली." सीडीला तूप लागलं होतं. मॅडमनी ती पदरानं पुसली. काथ्याचं नाव मी तोंडातून निघू दिलं नाही.

मग सुरू झालं आवतन. परीक्षेच्या सॉफ्टवेअरला मॅडमनी विचारलं, "याच्या घरी कोन कोन असते?" त्यानं यादीच दिली. त्यातलं एकेक कंपाइल करायचं, ते अडलं की त्याच्या घरी कोण, मग त्याच्याही घरी कोण. मॅडम कधी चुचकारायच्या, कधी दम द्यायच्या. "काऊन रुसला बे? काय पाह्यजे तुले? हा घे तुहा मामा, आता बस पंगतीत." एकेक जण मुकाट्यानं येऊन बसायला लागला. दुपारपर्यंत लॅबमध्ये खरोखर लग्नघरासारखं वाटत होतं. मलाही हसू आवरेना. एखादं उभं राहिलं की मी टेबलावर थाप मारायचो आणि मॅडम शेंगदाणे वाटायच्या.

आणि मग दोघंजण अडले. एक होतं अक्षरं काढणारं, दुसरं ती अक्षरं ओळीत मांडणारं. पहिलं म्हणे आधी दुसऱ्याला आणा. दुसरं म्हणे आधी पहिल्याला आणा. पुन्हा केलं, तेच. पडदा चुकांच्या ओळींनी भरून गेला.

नेमके त्याच वेळी जयश्रीचे वडील दारात आले. जयश्री आमची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, धाड गावची. रोज सकाळच्या एसटीनं यायची, दुपारच्या एसटीनं परत. वर्गात बोलायची कमी, पण तिचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालायचा. वडील भास्करराव, थोडीशी शेती. बाजारात माल विकून ते तसेच इकडे आले होते, हातात ओल्या हरभऱ्याची जुडी.

"मॅडम, गावात लोक म्हनून राह्यले का परीक्षा अकोल्याले होईन."

"कोन लोक?"

"असेच. लोक."

"लोकाईले कॉम्प्युटर येते का?"

"नाही."

"मले येते. परीक्षा अथीच होईन. सोमवारी सकाळच्या गाडीनं पाठवा पोरीले."

हे बोलताना मॅडम पडद्यासमोर अशा उभ्या राहिल्या होत्या की मागची एकही लाल ओळ दिसू नये. त्यांच्या रुंदीचा एवढा चांगला उपयोग मी पूर्वी पाहिला नव्हता.

भास्करराव थोडा वेळ टोपीशी चाळा करत राहिले. "तुमच्या शब्दावर आहो मी. तथी अकोल्यात मुक्काम कराले मी पोरीले नाही धाडनार. मंग ते शिक्षन राह्यलं तं राह्यलं. माह्या बहिनीकडून सोयरीक आलेली आहे. उरकून टाकू."

"भाऊ, माहा नियम तुमाले माहीत आहे."

"माहीत आहे म्हनूनच इचाराले आलो," ते म्हणाले आणि हरभरा टेबलावर ठेवून गेले.

ते गेल्यावर मॅडम खुर्चीत बसल्या. त्या हरभऱ्याच्या घाट्यांतले दाणे काढून खात राहिल्या. मग म्हणाल्या, "काळे सर, मी आता खरं बोलली का खोटं, ते सोमवारी कळन." जयश्रीचा तो पहिल्या फटक्यात चालणारा प्रोग्रॅम मला आठवत होता. एवढी हुशार मुलगी दोन आडमुठ्या सॉफ्टवेअरच्या भांडणात घरी बसणार, हे मला सहन होत नव्हतं.

रविवारी सकाळी मी फळ्यावर ते मांडून दाखवलं. हा त्याच्याशिवाय येत नाही, तो ह्याच्याशिवाय येत नाही, म्हणून दोघंही येणार नाहीत. गणितात इतकी स्वच्छ सिद्धता क्वचित जमते. मॅडमनी ती नीट वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे साटंलोटं आहे हे," त्या म्हणाल्या. "आधी काऊन नाही सांगतलं?"

दोन घरांनी एकमेकांची मुलगी करायची, आपली द्यायची आणि त्यांची आणायची, याला साटंलोटं म्हणतात. मॅडमच्या लहानपणी बीबीत असंच एक ठरलं होतं. दोन्ही घरं एकमेकांना पुरती ओळखून होती, त्यामुळे विश्वास कुणाचाच कुणावर नव्हता. हे म्हणत, आधी तुमची पोरगी आमच्या मांडवात उभी करा. ते म्हणत, आधी तुमची. वाजंत्री वाजवून दमले, भात गार झाला.

"मग?" मी विचारलं.

"मंग माह्या आजीनं तोड काढली. एका पोरीले नुसती हळद लावली. लग्न नाही, अक्षता नाही. नुसती हळद. हळद लागलेली पोरगी पाहून दुसऱ्या घरच्याईचा जीव भांड्यात पडला. त्याईनं त्याईची पोरगी उभी केली, तिचं लग्न पुरं लावलं. आन् मंग मागं फिरून हळदवालीवर अक्षता टाकल्या." त्या माझ्याकडे वळल्या. "सर, पाहा बरं, या अक्षरवाल्याले अर्धंमुर्धं उभं करता येते का? हळदीपुरतं?"

मी त्याच्यासोबत आलेल्या सूचना पुन्हा वाचल्या. शेवटी शेवटी एक ओळ होती, की हवं असल्यास अमुक सोय वगळून तयार करता येतं. मी ती काल वाचली होती आणि सोडून दिली होती, कारण वगळलेलं घेऊन करायचं काय? मॅडमचे डोळे चमकले. ती सोय वगळून पहिलं कंपाइल केलं. झालं. अर्धंमुर्धं, पण उभं. त्याला बघून दुसरं आलं, पुरं आलं. मग मागे फिरून पहिलं पुन्हा केलं, या वेळी सगळ्या सोयींसह. ओळी पळत गेल्या, पळत गेल्या आणि थांबल्या. चूक नाही.

मग परीक्षेचं सॉफ्टवेअर. त्याच्या घरचे सगळे आलेले. त्याला रुसायला जागाच उरली नव्हती. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत पहिला प्रश्न आला.

त्यानंतर लॅबमध्ये जे झालं ते दोन प्राध्यापकांना शोभणारं नव्हतं. मॅडमनी "शुभमंगल सावधान" म्हणून उरलेले हरभऱ्याचे दाणे मूठ भरून कॉम्प्युटरवर उधळले. मी आधी धावत जाऊन सीडीचा कप्पा बंद केला आणि मग टाळ्या वाजवल्या. डबा घेऊन आलेले त्यांचे यजमान दारातच थांबले. "लागलं वाटते," ते म्हणाले. त्या आठवड्यातलं त्यांचं तेवढं एकच वाक्य मी ऐकलं.

सोमवारी सकाळच्या गाडीनं जयश्री आली आणि भास्कररावही आले. तिची परीक्षा होईपर्यंत ते आवारातल्या कडुलिंबाखाली बसून राहिले. ती बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "झाली?" ती म्हणाली, "झाली." दोघं बस स्टँडकडे चालायला लागले. मॅडम खिडकीतून ते दिसेनासे होईपर्यंत बघत होत्या. मग डोळे पुसून त्यांनी पर्स उघडली आणि फोटो चाळायला लागल्या. जयश्रीची शेवटची परीक्षा झाली, नियमाची अट आता पुरी झाली होती.

पण जयश्रीचं लग्न काही जमलं नाही. ती आमच्याच लॅबमध्ये नोकरीला लागली आणि मॅडमनी आणलेल्या प्रत्येक मुलाला काही ना काही कारण काढून परत पाठवत गेली. मॅडमना हा त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग वाटायचा. निवृत्तीच्या आत ते काम उरकायचंच असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

निवृत्तीचा दिवस आला. दुपारी निरोपसमारंभ. पुढच्या आठवड्यात त्या नागपूरला मुलाकडे कायमच्या जाणार होत्या. हॉलमध्ये सतरंज्या पडल्या, प्राचार्य शाल-नारळ घेऊन तयार. आणि लॅबमध्ये जयश्री नेमकी नवी आवृत्ती चढवून पाहुण्यांना आवतनं देत बसली होती. पडद्यावर ओळी पळत होत्या. नव्या साडीतल्या मॅडम पर्स सावरत आत आल्या, मी मागोमाग. त्यांनी एक तुकतुकीत फोटो टेबलावर ठेवला.

"मेहकरचा पोरगा आहे. बँकेत आहे. याच्यात काही खोट काढून दाखव."

जयश्रीची नजर पडद्यावरून हलली नाही. "याच्या घरी कोन कोन असते?"

मॅडम खूश झाल्या. आई, वडील, भाऊ, भावजय, एक आजी, एकेकाच्या स्वभावासकट त्यांनी सगळं सांगितलं. जयश्रीनं ऐकून घेतलं.

"आन् मी नोकरी करन, रोज बुलढान्याले येईन, हे त्या समद्याईले चालते का? एकेकाले इचारलं का? नाही तं मंग अर्ध्यात अडकते मॅडम. तुमीच शिकवलं."

मॅडमनी इतकी लग्नं जमवली, आत्याच्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांना विचारलं, पण हे एक त्यांनी विचारलं नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. मग त्या हसायला लागल्या. खुर्चीचा हात धरून हसल्या, पोट धरून हसल्या. फोटो उचलून पर्समध्ये टाकला आणि दाराकडे निघाल्या.

"मॅडम, हॉल इकडं आहे," मी म्हणालो.

"मेहकरची गाडी आता सुटते," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यामागे स्टँडपर्यंत गेलो. त्यांच्या यजमानांनी गाडी थांबवून धरली होती. त्यांना कुणी कळवलं होतं ते मला आजही माहीत नाही. मॅडम आत चढल्या, खिडकीपाशी बसल्या, गाडी हलली. त्यांनी पर्ससकट हात बाहेर काढला.

"प्राचार्याईले सांगा, नारळ ठेवा. आन् मांडव काढू नका म्हना. एकेकाले इचारून येतो."

नव्या साडीचा पदर खिडकीबाहेर फडफडत गाडी मेहकरच्या रस्त्याला लागली. त्या नागपूरला जाण्याआधी मला झालेलं मॅडमचं शेवटचं दर्शन तेच. मी कॉलेजात परतलो तेव्हा हॉलमध्ये सगळे ताटकळत होते. मी आधी लॅबमध्ये डोकावलो. जयश्रीचे सगळे पाहुणे आले होते आणि ती फोटो ठेवलेल्या जागेवरचा तेलाचा डाग रुमालानं पुसत होती. पुसता पुसता तिनं विचारलं, "सर, मेहकरची परतीची गाडी किती वाजता असते?"